नाव मँटलचे, किंमत कडा-कोपऱ्यांची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत एखादे बेसबॉल कार्ड, म्हणजे खेळाडूचे चित्र छापलेला छोटा पुठ्ठा, कोटींच्या भावात विकले गेले की त्याची बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही येते. खेळाडूचे नाव, डॉलरचा आकडा, त्याचे रुपयांत रूपांतर आणि कार्डाचा फोटो. बातमी तिथेच संपते. इकडे कोल्हापुरात हा छंद मोबाइलमार्गे घराघरांत शिरला आहे. कॉलेजातली मुले जपानी बेसबॉलपटू ओहतानीची कार्डे मागवतात, नोकरदार मंडळी 'गुंतवणूक' म्हणून मँटलच्या जुन्या कार्डावर पैसे लावायला निघतात. बातमीत जे सुटते, नेमके त्यातच त्यांचे पैसे बुडतात. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

सर्वांत गाजलेले उदाहरण घेतो. मिकी मँटल हा न्यूयॉर्क यांकीज संघाचा खेळाडू. टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेल्या संचातले त्याचे ३११ क्रमांकाचे कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून कांस्यपदक आणले, त्याच वर्षीचे हे कार्ड. याच क्रमांकाचे दुसरे एक कार्ड जानेवारी २०२१ मध्ये ५२ लाख डॉलरला विकले गेले होते. खेळाडू तोच, चित्र तेच, छपाईचे वर्षही तेच. महागड्या कार्डाला एसजीसी या तपासणी संस्थेने १० पैकी साडेनऊ गुण दिले होते, दुसऱ्याला पीएसए या संस्थेने नऊ. दोन विक्रींच्या मधल्या काळात बाजारही चढला होता हे खरे. पण अर्ध्या गुणाला या बाजारात किती वजन आहे हे यावरून लक्षात यावे. कोपरे गोल झालेले, मधे घडी पडलेले हेच कार्ड या रकमेच्या अगदी लहानशा भागाला मिळते. म्हणून 'मँटलचे कार्ड इतक्या कोटींना' हे वाक्य अर्धवट आहे. कोणते वर्ष, कोणता क्रमांक, कोणती प्रत आणि कोणत्या अवस्थेतले, हे चारही कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही.

आणखी एक गैरसमज. १९५२ चे टॉप्स हे मँटलचे पहिले कार्ड नव्हे. त्याचे पदार्पणाचे कार्ड १९५१ चे, बोमन कंपनीचे, क्रमांक २५३. तरीही भाव टॉप्सला जास्त. त्याचे कारण त्याच्या वितरणात आहे. १९५२ च्या संचातले ३११ ते ४०७ हे शेवटचे क्रमांक हंगाम सरत आल्यावर बाजारात आले, दुकानदारांनी ते फारसे उचलले नाहीत. गोदामात पडून राहिलेला माल कंपनीने १९६० च्या सुमारास नावेत भरून अटलांटिक समुद्रात बुडवला. मँटलचे कार्ड त्या तुकडीत दुप्पट छापले गेले होते, म्हणजे ते शेजारच्या क्रमांकांपेक्षा अधिक सापडते. पण मागणी त्याहून कितीतरी मोठी. दुप्पट छपाईमुळे त्याचे दोन प्रकारही पडले. मागच्या बाजूला क्रमांकाभोवती बेसबॉलचे चित्र आहे, त्यावरच्या टाक्यांची दिशा एका प्रकारात एकीकडे, दुसऱ्यात दुसरीकडे. विकणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो जाणकार नाही, एवढे निश्चित समजावे.

आता बनावट माल कसा ओळखायचा ते. या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान आहेत, कारण लागणारी सगळी हत्यारे गावातच मिळतात: गुजरीत सराफ वापरतात ते दहापट मोठे दाखवणारे भिंग, सोन्याचे वजन दशांश दोन स्थळांपर्यंत दाखवणारा छोटा काटा, आणि उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये असतो तो व्हर्नियर कॅलिपर.

सुरुवात मापापासून करा. १९५७ पासून टॉप्सची कार्डे अडीच बाय साडेतीन इंचांची, म्हणजे ६३.५ बाय ८८.९ मिलिमीटरची आहेत. १९५२ चे टॉप्स मात्र मोठे आहे: २ पूर्णांक ५/८ बाय पावणेचार इंच, म्हणजे सुमारे ६६.७ बाय ९५.२ मिलिमीटर. १९५१ चे बोमन लहान, साधारण ५२.४ बाय ७९.४. टॉप्सने स्वतःच १९८३ साली १९५२ च्या संचाची पुनर्मुद्रित आवृत्ती काढली, तीही नेहमीच्या अडीच बाय साडेतीन मापात. तिच्या मागे पुनर्मुद्रण असल्याचे छापलेले असते. तो मजकूर खरवडून, कार्ड चहाच्या पाण्याने पिवळे करून 'आजोबांच्या पेटीत सापडले' म्हणून खपवले जाते. चहाने रंग बदलतो, माप बदलत नाही. फोटोत कार्डाशेजारी स्टीलची पट्टी ठेवायला सांगितली की ही फसवणूक जागेवर पकडता येते. कार्ड हातात आल्यावर व्हर्नियरचा जबडा थेट कडेवर दाबू नका, तिथेच खाच पडते. कार्ड मऊ कव्हरात ठेवून पारदर्शक पट्टीने मापा. व्हर्नियर वापरायचाच तर जबडा फक्त टेकवा.

दुसरी परीक्षा भिंगाची, आणि माझ्या मते सर्वांत खात्रीची. ऑफसेटवर काम करणाऱ्या माणसाला ही चटकन कळते. अस्सल कार्डावर खेळाडूचे चित्र चार रंगांच्या बारीक ठिपक्यांनी तयार झालेले असते, पण नावाची अक्षरे आणि चौकटीची रेघ सलग शाईची असते, कारण ती प्लेटवर तशीच घेतलेली होती. नक्कल करणारा मूळ कार्ड स्कॅन करतो. स्कॅनरला चित्र आणि अक्षर यांत फरक कळत नाही, तो सगळ्याचेच ठिपके करतो. नावातल्या एखाद्या काळ्या अक्षराच्या उभ्या दांडीवर भिंग धरा. अस्सल कार्डात दांडी आतून भरीव काळी, कडा स्वच्छ. बनावटात त्याच दांडीत निळे, गुलाबी, पिवळे ठिपके विखुरलेले आणि कडेला दाते पडलेले. इंकजेटवर काढलेल्या प्रतीत ठिपक्यांची रांगही नसते, शाईचे फवारे उडाल्यासारखे कण दिसतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की विसरत नाही.

तिसरी परीक्षा कागदाची. यासाठी एक स्वस्त युक्ती आहे: महागडे कार्ड घेण्याआधी त्याच संचातले, त्याच वर्षाचे, कुणा अनोळखी खेळाडूचे सर्वांत स्वस्त आणि खात्रीचे कार्ड विकत घ्या. ते तुमचे मोजमापाचे कार्ड. जाडी, वजन, मागचा कागद किती करडा, पुढची चकाकी किती, मोबाइलच्या टॉर्चसमोर धरल्यावर किती उजेड आरपार येतो, हे सगळे त्याच्याशी ताडून बघा. दोन्ही एकाच कारखान्यात, एकाच पुठ्ठ्यावर छापलेली असल्याने फरक जवळजवळ नसावा. नकली नोटा ओळखायला दुकानदार वापरतात तो जांभळा दिवाही उपयोगी पडतो. कागद पांढरा शुभ्र दिसावा म्हणून घातली जाणारी रसायने साधारण १९५० नंतर कागदात आली. त्यामुळे १९०९ ते १९११ मधले तंबाखू कंपनीचे किंवा १९३३ चे जुन्या काळच्या बेसबॉलपटू बेब रूथचे म्हणून दाखवलेले कार्ड त्या दिव्याखाली निळसर चमकले तर ते घेऊ नका. न चमकणे हा मात्र अस्सलपणाचा पुरावा नाही. जुना कोरा कागद मिळवून त्यावरही छापता येते.

अस्सल कार्डाशी केलेली छेडछाड ओळखणे याहून कठीण. गोल झालेले कोपरे टोकदार दिसावेत म्हणून कडा अर्धा मिलिमीटर छाटतात. रंग उडालेल्या कडेवर पेनने रंग भरतात. घडी पाणी देऊन दाबून सपाट करतात. छाटलेली कड भिंगाखाली अतिस्वच्छ आणि कधी किंचित लाटेसारखी दिसते. कारखान्याच्या कटिंगमध्ये कागदाचे बारीक तंतू दिसतात. भरलेला रंग जांभळ्या दिव्याखाली वेगळ्या छटेत उठून दिसतो. दाबलेली घडी पकडायला कार्ड ट्यूबलाइटखाली जवळजवळ आडवे धरा आणि हळूहळू फिरवा. समोरून न दिसणारी रेघ तिरक्या उजेडात सावली टाकते. म्हणूनच विक्रेत्याकडे फक्त समोरचा फोटो मागू नये. पुढची बाजू, मागची बाजू, चारही कोपरे जवळून, तिरक्या उजेडातला छोटा व्हिडिओ आणि शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी, एवढे मागावे. टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडावा.

'पण प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत आहे, पीएसएचा शिक्का आहे,' असे म्हटले की पुष्कळांची सावधगिरी संपते. पीएसए, एसजीसी, बेकेट, सीजीसी या संस्था कार्ड तपासून, गुण देऊन कठीण पारदर्शक डबीत बंद करतात. त्याचा उपयोग मोठा आहे, पण तो शेवटचा शब्द नव्हे. पीएसएने १९९१ मध्ये सुरुवात केली तेव्हा तपासलेले पहिलेच कार्ड जुन्या काळच्या बेसबॉलपटू होनस वॅग्नरचे होते, तंबाखूच्या पाकिटातले, जगातले सर्वांत प्रसिद्ध. त्याला दहापैकी आठ गुण मिळाले. ते कार्ड आपण छाटले होते, अशी कबुली लिलाव व्यावसायिक बिल मास्ट्रोने २०१३ साली दिली. संस्थेच्या तज्ज्ञांच्या नजरेतूनही गोष्टी सुटतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

शिवाय डबीच बनावट असू शकते. लेबलवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की नोंद मिळते. पण नक्कल करणारे खऱ्या कार्डाचाच क्रमांक उचलतात, त्यामुळे 'नोंद सापडली' एवढ्यावर थांबू नका. तिथे फोटो असेल तर तो आणि हातातले कार्ड ताडून पाहा: चारही बाजूंच्या पांढऱ्या पट्ट्यांची रुंदी, एखादा छपाईचा ठिपका, कोपऱ्यावरचा पांढरा डाग. दोन कार्डांत हे सगळे तंतोतंत सारखे असूच शकत नाही. डबीच्या कडा मुळात उघडून परत चिकटवल्यासारख्या धुरकट दिसत नाहीत ना, तेही पाहा.

गुण कसे देतात याची कल्पना घरबसल्या येऊ शकते. चार गोष्टी बघतात: कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध बसले आहे की नाही. चौथी गोष्ट पट्टीने मोजता येते. डावीकडची पांढरी पट्टी २.४ मिलिमीटर आणि उजवीकडची १.६ भरली, तर एकूण ४ पैकी वाटणी ६०/४० झाली. वरच्या-खालच्या पट्ट्यांचेही तसेच काढा. सर्वोच्च गुणासाठी पुढच्या बाजूला ५५/४५ च्या आसपास असावे लागते, मागच्या बाजूला बरीच सूट मिळते. वाटणी ७०/३० निघाली तर कोपरे कितीही टोकदार असोत, दहाची आशा धरून तपासणीचे पैसे घालवू नका.

नव्या कार्डांबद्दल थोडक्यात. शोहेई ओहतानीची अमेरिकेतली पदार्पणाची कार्डे २०१८ ची: टॉप्सच्या दुसऱ्या मालिकेत क्रमांक ७००, अपडेट संचात यूएस१, चमकत्या पृष्ठभागाच्या क्रोम संचात १५०. त्याआधी जपानमध्ये बीबीएम कंपनीने २०१३ मध्येच त्याची कार्डे काढली होती. एकाच क्रमांकाच्या साध्या प्रतीपासून रंगीत, चमकत्या आणि मोजक्याच छापलेल्या प्रतींपर्यंत अनेक प्रकार असतात. मोजक्या प्रतींवर २५ पैकी ७ अशासारखा क्रमांक ठसवलेला असतो. साध्या प्रतीला चमकत्या प्रतीचा भाव देणे ही इथली सर्वांत नेहमीची चूक. विक्रेता फोटोत उजेड असा पाडतो की साधी प्रतही चमकते. मागच्या बाजूला प्रकाराचे नाव छापले आहे का, ते वाचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची अमेरिकन कार्डे 'जुनी' म्हणून गठ्ठ्याने विकायला येतात, त्यांच्यापासून लांब राहा. त्या काळात कंपन्यांनी इतकी छापली की आजही पेट्याच्या पेट्या न उघडलेल्या सापडतात. केन ग्रिफी ज्युनियरचे १९८९ चे अपर डेक कंपनीचे, क्रमांक १, यासारखी काही कार्डे मान राखून आहेत, तीही उत्तम अवस्थेत असतील तरच.

भाव ठरवताना विक्रेत्याने लावलेली किंमत पाहू नका, प्रत्यक्ष झालेली विक्री पाहा. ईबेवर 'विकले गेलेले' असा गाळणीचा पर्याय आहे. गेल्या तीन महिन्यांतल्या, त्याच संस्थेच्या, त्याच गुणाच्या विक्री घ्या, सर्वांत वरची आणि सर्वांत खालची सोडा आणि मधली धरा. त्यावर लिलावगृहाचे अधिमूल्य, टपाल, बँकेचा चलनबदलाचा आकार आणि भारतात उतरल्यावर सीमाशुल्क चढते. हे सगळे आधी कागदावर मांडा. पाकिटावर किंमत कमी दाखवायला विक्रेत्याला सांगू नका. पाकीट हरवले तर विमा तेवढ्याच रकमेचा मिळतो, आणि सीमाशुल्क खात्याने पाकीट अडवले तर वेगळाच ताप. कार्ड तपासणीसाठी परदेशी पाठवणार असाल तर पाठवतानाचे कागद आणि फोटो सांभाळा, नाहीतर परत येताना ते नवीन खरेदी समजून शुल्क आकारले जाण्याची शक्यता असते.

घरात आलेले कार्ड टिकवणे हा कोल्हापुरात स्वतंत्र विषय आहे. अमेरिकन पुस्तकांतला सल्ला तिथल्या हवेचा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा पुठ्ठ्यात शिरतो. क्रोमसारख्या चमकत्या कार्डांत एका बाजूला प्लॅस्टिकचा थर आणि दुसऱ्या बाजूला कागद. कागद फुगतो, थर फुगत नाही, आणि कार्ड वाकते. उपाय स्वस्त आहेत. कार्ड आधी मऊ, पीव्हीसीविरहित पातळ कव्हरात, मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या कव्हरात. साध्या जाडीच्या कार्डाला ३५ पॉइंटचा (पॉइंट हे जाडीचे माप) टॉपलोडर पुरतो. कापडाचा तुकडा बसवलेल्या जाड कार्डाला १३० किंवा १८० चा लागतो, नाहीतर कोपरे आत सरकवतानाच दबतात. कव्हर घालताना कार्ड वरून ढकलू नये, कव्हराचे तोंड किंचित फाकवून कार्ड आत सरकू द्यावे. ही सगळी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत रंग बदलणारे सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ ते ५० टक्क्यांवर राहिला की पुरे. जेलचा रंग बदलला की ते तापवून परत वापरा. फार कोरडे करण्याच्या नादात काटा ३० च्या खाली नेलात तर कार्डे उलट्या बाजूला वाकतात. डबा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको. शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्काचा सखल भाग अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी तळमजल्यावर ठेवूच नये. २०१९ आणि २०२१ चे पाणी कुठवर आले होते ते त्या घरांच्या भिंतींना विचारावे.

डांबर गोळ्या डब्यात टाकू नका, त्यांच्या वाफेने प्लॅस्टिक खराब होऊन चिकटते. कसर लागू नये म्हणून डबा घट्ट बंद असणे पुरेसे आहे. रबरबँड नको, चिकट पानांचा फोटो अल्बम नको. आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. आपल्याकडे मार्कलिस्टपासून देवाच्या फोटोपर्यंत जे जपायचे ते लॅमिनेट करण्याची सवय आहे. कार्ड एकदा लॅमिनेट झाले की ते सुटे करता येत नाही आणि त्याची किंमत त्या क्षणी संपते. डाग पुसायला ओले फडके, खोडरबर, थिनर यांतले काहीही लावू नका. जुन्या डागाचे कार्ड डागासह विकले जाते, पुसलेले कार्ड 'बदल केलेले' ठरते.

हेच सगळे आपल्या घरांतल्या क्रिकेटच्या कार्डांनाही लागू आहे. बबलगमसोबत मिळालेली, नंतर टॉप्सच्या क्रिकेट अटॅक्स खेळातली कार्डे अनेकांच्या माळ्यावर आहेत. सचिनचे कार्ड सापडले म्हणून लगेच लाखांची स्वप्ने पाहू नयेत. मुलांच्या हाताळणीत त्यांचे कोपरे गेलेले असतात. पण ती फेकूही नयेत. कोणत्या कंपनीचे, कोणत्या वर्षाचे, संचात एकूण क्रमांक किती, याच्या याद्या अमेरिकेत संग्राहकांनीच जमवल्या. आपल्याकडच्या कार्डांच्या याद्या आपल्यालाच कराव्या लागतील. दोन्ही बाजूंचा फोटो आणि मागचा क्रमांक एवढी नोंद वहीत झाली तरी सुरुवात होईल.

संपादक महोदय, आपल्याकडे विनंती एवढीच: कार्डाच्या विक्रीची बातमी छापताना रकमेबरोबर वर्ष, कंपनी, क्रमांक, तपासणी संस्था, तिने दिलेले गुण आणि विक्रीचा महिना हे सहा तपशील द्यावेत. एका ओळीत मावतात. आणि गावातल्या मुलांना अस्सल-नकल शेजारी ठेवून भिंगातून दाखवण्याचा एखादा तास शाळा-कॉलेजांनी ठेवला, तर १९८३ चे पुनर्मुद्रण आणि त्याच जुन्या पद्धतीने छापलेले एखादे स्वस्त अस्सल कार्ड घेऊन यायला आमच्यातले काही जण आनंदाने तयार आहेत.

आपला,
एक कार्डसंग्राहक, कोल्हापूर